फिनलंड आणि हंगेरी : अडीचशे वर्षांचं लांबचं नातं

उत्तरवाट

नमस्कार मंडळी,

तुर्कूत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. आमच्या प्रयोगशाळेत एक सहकारी हंगेरीतल्या सेगेदची आहे. सेगेद आणि तुर्कू ही जुळी शहरं. ती नवीन आली तेव्हा तिची ओळख करून देताना सगळे "ही आपल्या सेगेदची" असं म्हणत होते. त्या 'आपल्या'चा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ती आणि आमच्याकडच्या निवृत्तीला आलेल्या एक फिनिश बाई समोरासमोर बसल्या होत्या. बोलता बोलता बाईंनी एक कागदी रुमाल पुढे ओढला, मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे फिनिश शब्द लिहायला लागल्या. उजवीकडे ही हंगेरियन लिहीत गेली. हात : कॅसी – केझ. पाणी : वेसी – वीझ. रक्त : वेरी – वेर. मासा : काला – हॉल. झाड : पू – फॉ. डोकं : पॅ – फेय. मग बाईंनी इथल्या शाळांत प्रसिद्ध असलेलं एक वाक्य म्हटलं, 'जिवंत मासा पाण्याखाली पोहतो'. फिनिशमध्ये 'एलॅवॅ काला उइ वेदेन आल्ला', हंगेरियनमध्ये 'एलेवेन हॉल ऊस्काल अ वीझ अलॉत'. दोघींनी ते एका सुरात म्हटलं आणि दोघींचे डोळे चमकले. एरवी या दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अवाक्षर कळत नाही, आपसात त्या इंग्रजीत बोलतात.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. मिळेल तिथून वाचते आहे, त्यातलं थोडं इथे मांडते.

या नात्याचा शोध आकाशाकडे बघता बघता लागला. ३ जून १७६९ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. तो बघायला डेन्मार्कच्या राजाच्या निमंत्रणावरून माक्सिमिलियान हेल हे जेझुइट खगोलशास्त्रज्ञ नॉर्वेच्या उत्तर टोकाला वार्डो बेटावर गेले. सोबत मदतनीस म्हणून यानोश शायनोविच हे हंगेरियन जेझुइट होते. (त्याच अधिक्रमणासाठी ल जाँतीय हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आपल्या पाँडिचेरीत वर्षभर थांबला होता आणि ऐन वेळी ढग आले. किती हळहळ वाटली असेल!) वार्डोला आकाश साथ देऊन गेलं. पण शायनोविच तिथल्या सामी लोकांचं बोलणं ऐकत होते, टिपत होते. १७७० मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये पुस्तक छापलं : हंगेरियन आणि सामी या दोन भाषा एकच आहेत. 'एकच' ही अतिशयोक्ती होती, पण दिशा बरोबर होती. सामी आणि फिनिश या एकमेकींच्या जवळच्या, त्यामुळे धागा लवकरच फिनलंडपर्यंत पोचला. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या नात्याबद्दलचं ते गाजलेलं भाषण केलं ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी.

माझा प्रश्न असा आहे. नातं सापडलं ते व्याकरणाच्या पुस्तकात. या दोन देशांची सीमा कुठेही भिडत नाही, धर्मपंथ वेगळे, इतिहास वेगळा. तरी १९३७ मध्ये, दोन्ही देश नव्याने स्वतंत्र होऊन वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, त्यांनी आपसात सांस्कृतिक करार केला. १९३१ पासून ऑक्टोबरमधला तिसरा शनिवार इथे 'सुकुकान्सोयेन पॅइवॅ', म्हणजे भाऊबंद लोकांचा दिवस म्हणून पाळतात. फिनलंड-हंगेरी मित्रसंस्था १९५० पासून चालू आहे. हे सगळं केवळ 'हात' आणि 'पाणी' या शब्दांच्या जोरावर? की राजकारणाला सोयीचं होतं म्हणून? जाणकारांनी लिहावं.

शब्दवेडी

उत्तरवाट, काय सुंदर धागा काढलात! रुमालावरच्या यादीत एक नियम दडलाय, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फिनिश शब्दाच्या सुरुवातीला 'क' असेल आणि पुढे आ-ओसारखा स्वर असेल, तर हंगेरियनमध्ये 'ह' येतो : काला-हॉल, कोल्मे-हारोम (तीन), कोता-हाझ (झोपडी आणि घर). सुरुवातीच्या 'प'चा 'फ' होतो : पू-फॉ, पॅ-फेय, पेसॅ-फेसेक (घरटं). आणि मधल्या 'त'चा 'झ' होतो. फिनिशमधलं 'वेसी' वरवर फसवतं, पण त्याचं मूळ अंग 'वेते', म्हणून वीझ. 'कॅसी'चं 'कॅते', म्हणून केझ. दोनचार शब्द योगायोगाने सारखे वाटू शकतात, पण असा नेमाने चालणारा बदल योगायोगाने होत नाही. नातं सिद्ध होतं ते इथे, कानाला सारखं वाटण्यात नाही. १७९९ मध्ये हंगेरियन अभ्यासक द्यार्मती यांनी शब्दांबरोबर प्रत्यय आणि रूपं मांडून दाखवली, तेव्हा या अभ्यासाला खरं बळ आलं.

रचनाही बघा. आपण 'घरात' म्हणतो तसं फिनिश 'तालोस्सा', हंगेरियन 'हाझबॉन'. प्रत्यय शब्दाला चिकटतो. आणि 'तो', 'ती' हा भेद दोन्हीकडे नाही. फिनिश 'हॅन', हंगेरियन 'ओ', बाई असो की बुवा.

आता आपल्याला जवळची गोष्ट. शंभरला फिनिशमध्ये 'साता' आणि हंगेरियनमध्ये 'साझ' म्हणतात. हे आपलं 'शत'! फार जुन्या काळी या लोकांचे पूर्वज उरल पर्वताच्या आसपास राहत होते, तेव्हा दक्षिणेच्या गवताळ प्रदेशातल्या इंडो-इराणी बोलणाऱ्यांकडून त्यांनी तो घेतला. तसाच मध : हंगेरियन 'मेझ', फिनिश 'मेसी' (आज हा शब्द फुलातल्या मधुरसाला वापरतात, रोजच्या मधाला वेगळा शब्द आहे). फिनिश 'वासारा' म्हणजे हातोडा, तो आपल्या 'वज्रा'चा भाऊ. हंगेरियन 'एझेर' म्हणजे हजार, तो इराणी भाषांतून आला आणि आपल्याकडेही 'हजार' फारसीतूनच आला.

मात्र जवळीक फार समजू नका. या दोन भाषा वेगळ्या होऊन काही हजार वर्षं झाली. मराठी आणि जर्मन यांच्यात जेवढं अंतर, साधारण तेवढं समजा.

डॅन्यूबकाठी

मी बुडापेस्टजवळ राहतो. धाग्यात एक बाजू यायला हवी : हंगेरीत हे नातं सगळ्यांना आनंदाने पटलं नव्हतं.

शायनोविचांचं पुस्तक आलं तेव्हा हंगेरियन सरदार मंडळी स्वतःला हूण आणि अत्तिलाचे वारस समजत होती. त्यांना उत्तरेच्या मासेमारांशी नातं जोडणं अपमानाचं वाटलं. 'माशाचा वास येणारी सोयरीक' असा शब्दप्रयोग तेव्हापासून आहे आणि आजही ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात आर्मिन वाम्बेरी तुर्की भाषांकडे बोट दाखवत होते आणि योझेफ बुदेंझ फिनिश आणि उरलकडच्या भाषांकडे. त्या वादाला इथे 'उग्रिक-तुर्की युद्ध' म्हणतात. भाषेच्या पुराव्यात बुदेंझ यांची बाजू टिकली. पण भावनेच्या पातळीवर तो वाद संपलेला नाही. २०१८ पासून हंगेरी तुर्की भाषिक देशांच्या संघटनेत निरीक्षक आहे.

आपल्याला माहीत असलेले चोमा द कोरोस हेही याच शोधात निघाले होते. हंगेरियनांचं मूळ आशियात शोधायला निघालेला हा माणूस लडाख-झांस्करच्या थंडीत बसून तिबेटी शिकला, १८३४ मध्ये कलकत्त्याहून त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश निघाला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला तो वारला. थडगं तिथेच आहे. मूळ सापडलं नाही, पण तिबेटी अभ्यासाचा पाया घातला गेला. त्याच सुमाराला अंताल रेगुली उलट दिशेला गेले. १८३९ मध्ये फिनलंडला पोचले, फिनिश शिकले, तिथून पुढे उरलपलीकडच्या मान्सी आणि खांती लोकांत राहून त्यांची गाणी उतरवून घेतली. हंगेरियनच्या सर्वांत जवळच्या भाषा त्याच. मला रेगुलींबद्दल फार आदर वाटतो. राजाश्रय नाही, तब्येत खालावलेली, आणि माणूस बर्फातून गाणी गोळा करत फिरतोय.

आणि रक्ताच्या नात्याचं म्हणाल तर जनुकीय अभ्यासात आजचे हंगेरियन त्यांच्या शेजाऱ्यांच्याच जास्त जवळचे निघतात, फिन्नांच्या नाही. नातं भाषेचं आहे. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो ना, तसं.

जुनी_फाईल

'मानलेला भाऊ' हे अगदी नेमकं. या मानलेल्या भावासाठी माणसं खरोखर निघाली होती, ते सांगतो.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. हिवाळी युद्ध. हंगेरीत हजारोंनी नावं नोंदवली. त्यातून साडेतीनशेच्या आसपास स्वयंसेवक निवडले गेले आणि फेब्रुवारी १९४० मध्ये ही तुकडी निघाली. नकाशा उघडून बघा : बुडापेस्टहून फिनलंडला सरळ उत्तरेची वाट. पण जर्मनीने जाऊ दिलं नाही. म्हणून ही माणसं युगोस्लाव्हिया, इटली, फ्रान्स, मग समुद्र ओलांडून ब्रिटन, एडिंबरो, पुन्हा समुद्र, नॉर्वे, स्वीडन अशी अर्ध्या युरोपला वळसा घालून मार्चच्या सुरुवातीला फिनलंडच्या हद्दीत पोचली. लापुआला त्यांना बर्फातल्या लढाईचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. १३ मार्चला युद्ध थांबलं. एकही गोळी न झाडता ते मे महिन्यात घरी परतले.

सैनिकी हिशेबात या मोहिमेला काही किंमत नाही. पण माझ्या मते दोन देशांच्या संबंधांतला सगळ्यात मोठा ठेवा हाच आहे. फिनिश लोक अजून ते विसरलेले नाहीत.

पुढे दोघांच्याही नशिबी सारखंच आलं. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने दोघांविरुद्ध युद्ध पुकारलं. १० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये दोघांनी हरलेला पक्ष म्हणून तहावर सह्या केल्या. दोघांवर प्रत्येकी ३० कोटी डॉलरची भरपाई बसली. हंगेरीने १९२० च्या त्रियानोन तहात दोन तृतीयांश मुलूख आधीच गमावला होता. फिनलंडचा कारेलिया गेला आणि चार लाखांवर माणसं घरदार सोडून आत आली. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्वही दोघांना एकाच दिवशी मिळालं, १४ डिसेंबर १९५५. इथून वाटा फुटतात. हंगेरी सोव्हिएत गोटात, फिनलंड १९४८ च्या मैत्री कराराने मॉस्कोला बांधलेला, पण निवडणुका आणि संसद शाबूत राखलेला.

सडेतोड

माहिती उत्तम, पण थोडं परखड लिहितो. नातं असतं तर ते अडचणीत दिसायला हवं.

१८ मे २०२२ ला फिनलंडने नाटोत येण्यासाठी अर्ज केला. युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं, रशियाशी १३०० किलोमीटरहून लांब सीमा. बहुतेक सदस्यांच्या संसदांनी काही महिन्यांत मंजुरी दिली. शेवटी दोन राहिले : तुर्कस्तान आणि हंगेरी. बुडापेस्टमध्ये मतदान पुन्हापुन्हा पुढे ढकललं गेलं. कारण काय, तर फिनिश नेत्यांनी हंगेरीतल्या कायद्याच्या राज्यावर टीका केली म्हणून नाराजी. अखेर २७ मार्च २०२३ ला १८२ विरुद्ध ६ मतांनी मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिलला फिनलंड आत आला. याला मराठीत भाऊबंद नाही, भाऊबंदकी म्हणतात.

जुनी_फाईल

सडेतोड, तुमचा मुद्दा मान्य. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

४ नोव्हेंबर १९५६. हंगेरीतला उठाव चिरडायला पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत संघाने फौजा मागे घ्याव्यात असा ठराव आला. बाजूने ५०, विरुद्ध ८, तटस्थ १५. त्या पंधरांत फिनलंड होता. ज्यांच्यासाठी सोळा वर्षांपूर्वी हंगेरियन पोरं अर्धा युरोप फिरून आली होती, ते गप्प बसले. हेलसिंकीजवळचा पोर्क्कालाचा सोव्हिएत तळ रिकामा होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. हेलसिंकीच्या उशाशी पुन्हा रशियन फौज नको, ही भीती त्यामागे होती.

आणि त्या पंधरांत भारतही होता. इतकंच नाही, ९ नोव्हेंबरच्या पुढच्या ठरावावर, ज्यात हंगेरीत मुक्त निवडणुकांची मागणी होती, आपण चक्क विरोधात मत दिलं. नेहरूंवर देशातही टीका झाली. पण त्याच काळात बुडापेस्टमधल्या भारतीय वकिलातीने दबलेल्या लोकांचे कागद बाहेर पोचवायला मदत केली. उठावाच्या सरकारातले मंत्री इश्तवान बिबो यांचा तोडग्याचा मसुदा आर्पाद गोंत्स यांच्या मार्फत आपल्या वकिलातीत पोचला होता. गोंत्स यांना १९५८ मध्ये जन्मठेप झाली आणि १९९० मध्ये ते हंगेरीचे राष्ट्रपती झाले.

सांगायचं एवढंच की सरकारचं मत आणि माणसांचं वागणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

सडेतोड

१९५६ चं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी दोन्ही गोष्टी एका तराजूत घालणार नाही. फिनलंड भीतीपोटी गप्प बसला. २०२२ मध्ये हंगेरीला कसली भीती होती? ते स्वतः १९९९ पासून नाटोत आहेत.

डॅन्यूबकाठी

हा फरक खरा आहे आणि इथल्या पुष्कळ लोकांना तो टोचला होता. माझ्या शेजारच्या आजोबांनी तेव्हा मला विचारलं होतं, "तुझे फिनलंडमध्ये कोणी ओळखीचे आहेत का? त्यांना सांग, आम्ही असे नाही." ते शाळेत असताना त्यांच्या वर्गाची यूवास्कूलाच्या एका वर्गाशी पत्रमैत्री होती. देब्रेत्सेन आणि यूवास्कूला ही जुळी शहरं. तसंच पेच-लाहती, मिश्कोल्त्स-ताम्पेरे, द्यॉर-कुओपिओ. हे नुसते वेशीवरचे फलक नाहीत. गायनवृंद एकमेकांकडे जातात, शिक्षक जातात. हंगेरियन संगीतकार कोदाय यांची संगीत शिकवण्याची पद्धत फिनलंडच्या शाळांत रुजली ती याच वाटेने.

अणुरेणू

माझी नोकरी अणुऊर्जेतली, त्यामुळे एका कोपऱ्यातलं लिहितो. फिनलंडमधलं लोविसा आणि हंगेरीतलं पाक्श, दोन्हीकडे सोव्हिएत बनावटीच्या एकाच जातीच्या, ४४० मेगावॉट गटातल्या अणुभट्ट्या आहेत. लोविसात दोन, पाक्शला चार. एकाच घराण्याच्या भट्ट्या सांभाळणाऱ्यांना एकमेकांचा अनुभव कामाला येतो.

पुढचा टप्पा बघा. दोन्ही देशांनी नव्या भट्ट्यांसाठी रशियन कंपनीशीच करार केले होते. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मे २०२२ मध्ये फिनिश बाजूने तो करार मोडला. हंगेरीने पाक्शचा विस्तार चालू ठेवला. रशियाकडे बघण्याच्या दोन नजरा याहून स्पष्ट कुठे दिसणार नाहीत.

कऱ्हाडचा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. त्याच मैदानांवर हंगेरीने १६ सुवर्णपदकं जिंकली आणि पुश्काशच्या फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला २-० ने हरवलं. त्या सोनेरी संघाची जगाला ओळख झाली ती फिनलंडच्या भूमीवर.

आणि ऑक्टोबर १९९७. विश्वचषकाच्या पात्रतेत हेलसिंकीला फिनलंड-हंगेरी. फिनलंड १-० ने पुढे, जिंकले असते तर पुढच्या फेरीत. जादा वेळेत गोलासमोर गर्दी झाली आणि चेंडू फिनिश खेळाडूंच्याच अंगाला लागून आत गेला. १-१. हंगेरी पुढे गेली. फिनिश माणसासमोर हा विषय आजही जपून काढावा लागतो.

उत्तरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. कऱ्हाडचा, तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. मी परवा १९९७ चं नाव काढलं आणि बाई दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत!

सडेतोड, तुमच्या प्रश्नावर बराच विचार केला. १९५६ आणि २०२२ यांची फिटंफाट होत नाही, हे मलाही पटतं. पण या दोघांच्या सरकारी संबंधांत एक जागा अशीही आहे जिथे त्यांनी मिळून जगाला काही दिलं. मार्च १९६९ मध्ये सोव्हिएत गटाच्या देशांनी बुडापेस्टहून युरोपच्या सुरक्षेसाठी परिषद भरवण्याचं आवाहन केलं. मे महिन्यात फिनलंडने कळवलं, यजमान व्हायला आम्ही तयार आहोत. सहा वर्षांच्या तयारी आणि वाटाघाटींनंतर १ ऑगस्ट १९७५ ला इथल्या फिनलांदिया सभागृहात ३५ देशांनी हेलसिंकी करारावर सह्या केल्या. राष्ट्रपती केक्कोनेन यजमान, आणि हंगेरीकडून सही करणारे तिथले कम्युनिस्ट नेते यानोश कादार. या दोघांचं जमायचं, केक्कोनेन हंगेरीत शिकारीलाही जात. त्या करारात मानवी हक्कांचं जे कलम होतं, त्याचाच आधार पुढे पूर्व युरोपातल्या विरोधकांनी घेतला. त्या परिषदेची कायमची संघटना करायचं ठरलं १९९४ मध्ये, बुडापेस्टला. हेलसिंकीत जन्म आणि बुडापेस्टला बारसं.

शिवाय भाषांतरकारांना मी विसरू शकत नाही. 'कालेवाला' हे फिनिश महाकाव्य हंगेरियनमध्ये एकदा नाही, अनेकदा आलं. बर्ना यांनी १८७१ मध्ये केलं, विकार यांनी १९०९ मध्ये पुन्हा केलं, आणि त्यानंतरही प्रत्येक पिढीला ते आपल्या हंगेरियनमध्ये नव्याने हवं वाटलं. इकडे ओत्तो मान्निनेन यांनी हंगेरियन कवी पेतोफींची कविता फिनिशमध्ये आणली. सरकारं रुसली तरी हे काम थांबल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं.

शब्दवेडी, तुमचा प्रतिसाद मी इंग्रजीत करून दोघींना वाचून दाखवला. बाईंनी तो रुमाल जपून ठेवला होता, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यांनी उजवीकडे आणखी एक उभी रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिलं. हात, पाणी, रक्त, मासा, झाड, डोकं यांच्यासमोर मी काही लिहिलं नाही, तिथे आपला शब्द त्यांच्या घरातला नाही. मग खाली दोन नव्या ओळी घातल्या. मेसी – मेझ – मध. साता – साझ – शत. सेगेदच्या माझ्या सहकारीने देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचून घेतलं, आणि मला म्हणाली, या तिसऱ्या शनिवारी तूही ये. रुमाल सोबत आण.